वायार्तातला मका

(पडदा काळा. चक्कीचा आवाज. हळूहळू उजेड.)

हा आवाज दगडी चक्कीचा. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, पॅसिफिकच्या काठावर पुएर्तो वायार्ता हे शहर आहे. त्याच्या एका आतल्या गल्लीत सकाळी आठला ही चक्की चालू असते. जाहिरातीत दिसतो तो समुद्र, ती पांढऱ्या छत्र्यांची किनारपट्टी इथून चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही आज तिकडे पाठ करून उभे आहोत.

आम्ही सहा जण आणि आमच्या गाईडबाई. रस्त्यावरचं खाणं दाखवत शहर हिंडवणारी ही सफर, चारेक तासांची. सगळं पायी. सूचना एकच होती, नाश्ता करून येऊ नका.

पहिल्या थांब्यावर मात्र खायला काही नाही. गाईडबाई बादलीत हात घालतात आणि मूठभर दाणे वर काढतात.

(दाणे, तळहातावर. अगदी जवळून.)

हा मका. अंगठ्याने दाबलं की साल सुटते, भिजवलेल्या बदामाची सुटते तशी. रात्री तो चुन्याच्या पाण्यात शिजवलाय. चुना म्हणजे आपला पानाला लावतात तोच. शंभर किलो मक्याला साधारण एक किलो. उकळी फुटायच्या बेतात ठेवायचं, तासाभराच्या आत विस्तव काढायचा आणि रात्रभर तसाच मुरू द्यायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून टाकायचं, दाणे खळखळून धुवायचे आणि ओलेच दळायचे. या मुरलेल्या मक्याला म्हणतात निश्तामाल. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द. नेश्त्ली म्हणजे राख, तामाल्ली म्हणजे मक्याच्या पिठाचा उंडा. चुन्याच्या आधी राखेचं पाणी वापरायचे, ते या शब्दात राहून गेलंय.

घरी मक्याची भाकरी थापलेल्यांना ठाऊक आहे, कोरड्या पिठाच्या कडा चिरतात. इथे बघा, मक्याच्या या पातळ भाकरीला तोर्तिया म्हणतात.

(तोर्तिया थापणारे हात. तवा.)

चुन्याने दाण्यातला चिकटपणा मोकळा केलाय, त्यामुळे पीठ फाटत नाही. तव्यावर पहिली बाजू काही क्षण, दुसरी जरा जास्त. मग पुन्हा उलटली की टम्म फुगते. तव्याला इथे कोमाल म्हणतात. कोपऱ्यात तो तिरपा दगड दिसतोय तो मेताते, म्हणजे पाटा-वरवंटाच. चक्की येण्याआधी सगळा मका त्यावर वाटायचे. गुडघे टेकून, रोज. बायकाच वाटायच्या.

चुन्याने आणखी एक होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुना ते सोडवतो. स्पॅनिश जहाजांनी मका युरोपात नेला, ही रीत नेली नाही. पुढे उत्तर इटलीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत, मक्यावरच पोट भरणारी गरीब माणसं पेलाग्राने, म्हणजे नायसिन न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, आजारी पडली. हजारो दगावली.

(पुन्हा हात. निवेदन थांबते.)

लोक रांगेत आहेत. तोर्तिया इथे किलोवर विकतात. या आजींनी घरून आणलेलं कापड पाहा. भरतकाम केलेला रुमाल, त्यात गरम चवड गुंडाळली आणि निघाल्या.

क्वाले नदीचा पूल ओलांडला की एमिलियानो झापाटा ही वस्ती लागते. एकेकाळी या बंदराला लास पेन्यास म्हणत. मागच्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या, चांदी वेगळी काढायला मीठ लागायचं, ते इथून खेचरांच्या पाठीवरून वर जायचं. 1918 साली गावाला हालिस्कोचे एकेकाळचे गव्हर्नर इग्नासिओ वायार्ता यांचं नाव मिळालं. 1963 मध्ये जवळच्या मिसमालोयाला हॉलिवूडच्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं, त्यापाठोपाठ पर्यटक आले. आता भाडी इतकी चढलीत की इथे राबणारे बरेच जण लांबून बसने येतात.

बिर्रियाची गाडी. बोकडाचं मटण सुक्या मिरच्यांच्या वाटणात मुरवून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं. सकाळचा पदार्थ, दुपारपर्यंत पातेलं रिकामं. कोल्हापूरच्या रश्श्याला लाल करणाऱ्या मिरचीचं मूळ याच मुलखात आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ती गोव्याला उतरवली.

पण गाईडबाई काय करतायत ते पाहा. त्यांनी आधी नुसती तोर्तिया मागितली, दुमडली आणि नाकाशी नेली. प्रत्येक गाडीवर त्या हेच करतात. निश्तामालाला एक वास असतो, नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर पाणी मारलं की येतो तसा. पिशवीतल्या तयार पिठाला तो तितका येत नाही. वास आला नाही तर बाई तोर्तिया परत ठेवतात, आभार मानतात आणि पुढे चालू लागतात. कडक वाटेल कुणाला. मला त्यांचं पटतं. टाकोत, म्हणजे सारण घालून दुमडलेल्या तोर्तियात, मटण कितीही चांगलं असो, खाली तोर्तिया हवी ती हवीच.

इथे वास आला. थांबलो.

(बशीवर प्लास्टिकची पिशवी चढवणारा हात.)

गाडीला नळ नाही. म्हणून बशीवर पातळ पिशवी चढवतात, गिऱ्हाईक उठलं की पिशवी काढून टाकतात. बशी कोरडीच. गाडीवाला विचारतो, कोन तोदो? म्हणजे सगळं घालू ना? सगळं म्हणजे बारीक कांदा आणि कोथिंबीर. आपण मान हलवायची. आणि रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस आपल्याला खाताना पाहून एक शब्द टाकून जातो. प्रोवेचो. अंगी लागो.

(खाणारे चेहरे. निवेदन नाही.)

आता समुद्र. मालेकोन, काठालगतचा हा लांबच लांब फरसबंद रस्ता. खांद्यावर आडवी काठी आणि काठीला टांगलेला हा मोठा भोपळा. हा तुबेरो. भोपळ्यात तूबा, माडाचा गोड रस. आपली नीरा म्हणा. पेल्यात ओततो, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि सुकामेवा घालतो. कोकणात माडी, गोव्यात सूर उतरवतात तीच ही विद्या, माडाची पोय बांधून, छेद देऊन थेंब थेंब गोळा करायची. इथे ती फिलिपिन्सहून आली. 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला ते आकापुल्को स्पॅनिश गलबतं चालायची. त्यावरच्या फिलिपिनो खलाशांतले अनेक जण परत गेलेच नाहीत. या किनाऱ्यावर राहिले, माडावर चढले. तूबा हा शब्दही त्यांचाच, तागालोग भाषेतला.

पहिला घोट घेतला आणि मी नकळत मराठीत बोललो, ताजी आहे. तुबेरोला काय कळलं कोण जाणे, त्याने पेला पुन्हा भरला.

(भोपळा. मागे समुद्र.)

2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि त्या परंपरेच्या पायाशी मका आणि त्याला चुना देऊन दळायची ही रीत आहे. मार्च 2025 मध्ये जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीवरची बंदी मेक्सिकोने थेट राज्यघटनेत घातली. अमेरिकेचा पिवळा मका आजही मोठ्या प्रमाणावर येतो, मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी.

सफर दुपारी संपली. संध्याकाळी आम्ही गाईडबाईंबरोबर पुन्हा बाहेर पडलो, कारण हे दृश्य दिवसा मिळत नाही.

(आगीसमोर फिरणारं मांस.)

आल पास्तोर. उभ्या सळईवर रचलेलं डुकराचं मांस, शेंद्री आणि मिरच्यांच्या वाटणात मुरवलेलं. लेबनॉनहून आलेल्यांनी शावर्मा आणला, मेक्सिकोने त्यात मिरची घातली. या उभ्या रचनेला म्हणतात त्रोम्पो, म्हणजे भोवरा. अगदी वर अननस. सुरीचा एक झटका, फोड हवेत, आणि दुसऱ्या हातातल्या टाकोत.

(तेच दृश्य, संथ गतीत.)

गाईडबाईंनी तोर्तिया मागितली. दुमडली. नाकाशी नेली. गाडीवाला हातातली सुरी थांबवून त्यांच्याकडे बघतोय. बाईंनी मान हलवली आणि पाच बोटं दाखवली.

इथे आधी पैसे मागत नाहीत आणि कोणी मोजतही नाही. खाऊन झाल्यावर गाडीवाला फक्त विचारतो, किती झाले? शेजारचे आजोबा बोटांवर मोजतात, पुटपुटतात, पुन्हा मोजतात.

सात.

गाडीवाला सातचे पैसे घेतो आणि भोवऱ्याकडे वळतो.