कुईं कुठून येते?

(गॅरेजचं शटर वर जातं. नुसता आवाज.)

प्रीमिअर पद्मिनी, मॉडेल १९७९. हिचं माहेर, म्हणजे प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर होता. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, आणि डॅशबोर्डच्या मधोमध हा नवाकोरा ब्लूटूथवाला स्टिरिओ. जुन्या रेडिओवर मीडिअम वेव्हपलीकडे काही लागायचं नाही. मालकांना एफएम हवं होतं, मोबाइलमधली गाणी हवी होती. त्यात चूक काहीच नाही.

आता ऐका. इंजिन बंद, गाणं स्वच्छ. स्टार्टर मारला... आली? ती बारीक कुईं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. इंडिकेटर दिला की गाण्यात टकटक. हेडलाइट लावले की स्टिरिओचा डिस्प्ले मंदावतो.

"मेस्त्री, दुसरा सेट आणू का?"

"थांबा साहेब. आधी अर्थिंग बघू."

मेस्त्रींनी एरियलची पिन उपसली. स्टेशन गेलं, कुईं राहिली. म्हणजे ती हवेतून येत नाही, वायरीतून येते. मग दोन लांब वायरी टाकून स्टिरिओ थेट बॅटरीवर चालवला. कुईं निम्म्याहून कमी.

आता मल्टिमीटर. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी स्टिरिओच्या काळ्या वायरीवर, हेडलाइट चालू. काटा जवळजवळ शून्यावर हवा. आहे ०.९ व्होल्टवर. या गाड्यांत परतीची वेगळी वायर फारशी नसतेच. गाडीचा पत्राच मायनस. दिव्यांचा, इंडिकेटरचा, स्टिरिओचा करंट याच पत्र्यातून बॅटरीकडे परततो. वाटेत सांधा खराब असला की एकाचा त्रास दुसऱ्याला.

सांधा हा बघा. डॅशखाली, एका स्क्रूमागे. स्क्रूखाली रंगाचे दोन थर आणि त्याखाली गंज. मेस्त्री पॉलिशपेपरची घडी करतात, बोटाच्या टोकाने घासत राहतात. लाल रंग, मग करडा प्रायमर, मग तांबूस गंज, मग चकचकीत पत्रा. कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळलाय, मान्य आहे. वायरीच्या टोकाला नवं लग, म्हणजे स्क्रूत अडकणारी कडी, खाली दातेरी वॉशर, वरून ग्रीसचं बोट. इंजिन आणि बॉडीमधली विणलेली पट्टीही तुटत आली होती, ती बदलली. पुन्हा मल्टिमीटर: ०.०४.

उरलेली कुईं डायनामोची. हिला बॅटरी चार्ज करायला अजून डायनामोच आहे. त्यावर असली कुईं शोषणारा कंडेन्सर होता, पण बारक्या फील्ड टर्मिनलवर. तिथे तो रेग्युलेटरचे, म्हणजे डायनामोचा व्होल्टेज आवरणाऱ्या डबीचे, पॉइंट खातो. त्याची जागा जाड वायरीच्या मेन टर्मिनलवर.

आणि हा स्पीकर. जुन्या रेडिओच्या काळात याची एक वायर सरळ बॉडीला मारलेली. आजच्या स्टिरिओच्या स्पीकरची एकही वायर बॉडीला लागलेली चालत नाही, आतली आयसी, म्हणजे आवाजाची चिप, जाते. म्हणून दोन्ही वायरी नव्याने, थेट सेटपर्यंत. सेटची मेमरी जपणारी पिवळी वायर थेट बॅटरीवर, लाल चावीवर. रोज सकाळी सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जायची, ते यानेच थांबलं. पिवळीला बॅटरीजवळच फ्यूज. आधी तो नव्हता, आणि वायरीचं कव्हर एका ठिकाणी वितळलेलं होतं.

हा कापलेला गुच्छा मूळ वायरिंगचा आहे, कापडी टेप गुंडाळलेला. सेट बसवताना तो कापायची काही गरज नव्हती. मेस्त्रींनी एकेक तार रंगाप्रमाणे जुळवून पुन्हा सोल्डर केली. दुपार गेली त्यात.

(संध्याकाळ. स्टार्टर. हेडलाइट. इंडिकेटर. मेस्त्री अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. निवेदन नाही, फक्त गाडीतला आवाज.)