जुन्या स्टिअरिंगची चीर

(सांगलीत जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जुनी गाडी घरी आली की आपण आधी बॉनेट उघडतो. इंजिनावर खर्च, रंगावर खर्च, आणि स्टिअरिंगवर रेक्झिनचं कव्हर चढवलं की विषय संपला! म्हणून आज त्या कव्हरापासूनच सुरुवात करू. ते कापून काढा. खाली काळा, चिकट थर दिसेल. घाम, तेल आणि धूळ, दुसरं काही नाही. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, जुन्या मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं घासायचं आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं. चाकाच्या मागच्या बाजूला बोटांसाठी असलेल्या खाचांतला मळ बांबूच्या काडीनं निघतो. नळाखाली मात्र धरू नका. का, ते पुढे येईलच.

गॅरेजमधला पोऱ्या थिनरचा बोळा घेऊन येईल, त्याला तिथंच थांबवा. आधी स्टिअरिंगचं चाक कशाचं आहे ते ओळखायला हवं. अंगठ्यानं जोरात घासून जागा गरम करा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सेल्युलोजपासून केलेलं प्लास्टिक. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून टेनाइट या नावानं ते स्टिअरिंगसाठी वापरलं जाऊ लागलं. थिनर त्याला अक्षरशः विरघळवतो. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे कडक रबर. ते उजेडानं तपकिरी पडतं आणि पाण्याचंही त्याला वावडं असतं, म्हणून ओलसर फडकं फिरवून वर मेण लावायचं. औषधी, फिनेलच्या जवळचा वास आला तर बेकेलाइट. तिघांत सोशिक तेवढं तेच.

आता चिरा. आरा, म्हणजे मधला दांडा, जिथं बाहेरच्या गोल कड्याला मिळतो तिथंच त्या पडतात, नीट बघा. आत लोखंडी सळी असते, वर प्लास्टिकचं कवच. ऊन लागलं की प्लास्टिक लोखंडाच्या सुमारे दहापट प्रसरण पावतं. शिवाय वर्षानुवर्षं त्यातलं मऊपण आणणारं द्रव्य उडून जातं आणि कवच आकसतं. सळी काही आकसत नाही. मग कवच तडकणारच. आणि आपल्या सांगलीत याला महापुराची जोड आहे. २००५, २०१९, २०२१. ज्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांच्या चिरांतून गाळ आत गेला, सळी गंजली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो कवचाला आतून रेटत राहतो. अशा चिरेवर नुसती लांबी, म्हणजे रंगाआधी भरायची पुट्टी, भरून रंग मारला, तर पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच रेषेवर उघडते. पेंटरला दोष देऊन उपयोग नाही, रोग आतला आहे.

म्हणून चीर आधी मोठी करायची. धीर लागतो, पण तिकोनी कानस घेऊन तिला व्ही आकार द्या, सळी दिसेपर्यंत. सळी चकचकीत होईपर्यंत गंज खरवडा. मग दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी हे चिकटद्रव्य. बारीक भेगेत अ‍ॅराल्डाइट, मोठ्या खाचेत एम-सीलसारखी पुट्टी. गाड्यांची नेहमीची लांबी इथं नको. चाक ऊन-थंडीत हलतं, ती कडक असते, सुटते. भरताना थोडं उंच ठेवा, रात्रभर वाळू द्या, आधी कानस आणि मग १२०, २२०, ४०० नंबरचे घासायचे पेपर. डोळे मिटून बोट फिरवा. जोड डोळ्याआधी बोटाला कळतो.

लाकडी कड्याचं चाक असेल तर इथले लोक हमखास म्हणतात, ‘मिरजेत सतारीला करतात तसं लाखेचं पॉलिश करा.’ मिरजेच्या कारागिरांचं काम पाहण्यासारखंच आहे, पण सतार बंद मोटारीत मे महिन्याच्या उन्हात राहत नाही. लाख उन्हानं मऊ पडते आणि ओलाव्यानं पांढुरकी होते. अस्तराला चालेल, वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निशचा, थर हवाच. माझं मत विचाराल तर तोही मंद चमकेचा घ्या. नवाकोरा झगझगीत पॉलिश जुन्या डॅशबोर्डापुढे विचित्र दिसतो.

चाक काढताना बॅटरीची वायर आधी सोडा, चाकावर आणि शाफ्टवर एका रेषेत खूण करा आणि पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, वापरा. हातोडी मारून ओढाल तर खालचं बेअरिंग जाईल. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, नाहीतर सुटलेलं चाक थेट तोंडावर येतं.

मघाशी कुणीतरी विचारलं, हे काम पावसाळ्यात करायचं का. नाही. हवेत दमटपणा असला की पीयूत बुडबुडे येतात. चिरा आता भरून ठेवा, रंग दिवाळीनंतर. आणि पीयूची फवारणी करताना साधा रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठीचा खास मास्क मिळतो, तोच लावा.