पाचशेची रेघ

[दृश्य: स्किल लॅब. प्रसूतीचं टेबल, भिंतीवर घड्याळ.]

टेबलावर आहेत नर्सिंगच्या ट्यूटर सिस्टर. त्यांच्या पोटावर बांधलंय ते बाळंतपण शिकवायचं मॉडेल, नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीचं मामानाताली. आतल्या पिशवीत लाल पाणी. धार किती सोडायची, गर्भाशय घट्ट ठेवायचं की मऊ, सगळं सिस्टरांच्या हातात. बाळ झालंय. वार पडलीय. पण रक्त थांबत नाहीये.

भोवती चौघं. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, नर्सिंगच्या दोघी आणि भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टर. यांचे वर्ग वेगळे, परीक्षा वेगळ्या. एरवी ही मंडळी पहिल्यांदा एकत्र येतात ती थेट लेबर रूममध्ये, खऱ्या बाईच्या उशाशी.

[क्लोज-अप: ड्रेप. लाल पाणी चढतंय.]

विद्यार्थी नजरेनेच मापतो. "तीनशे असेल." नर्सिंगची विद्यार्थिनी वाकून पाहते. "डॉक्टर, पाचशेची रेघ ओलांडली."

ड्रेप म्हणजे कमरेखालची ही निमुळती पिशवी. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा आहेत; पाचशे ओलांडले की अतिरक्तस्राव. तिची एक गोष्ट बेळगावची आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात नजरेचा अंदाज आणि ड्रेपचं माप शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आला: नजरेचा अंदाज 33 टक्क्यांनी कमी भरला होता. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या 1620 बायकांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. आणि त्या गोळ्या दिल्या होत्या एएनएम ताईंनी, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणींनी. हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण पुरावा गोळा होतो तो अशा हातांतून.

[दृश्य: चौघांचे हात. आवाज वाढवा.]

"गर्भाशयाचा मसाज चालू ठेवा." "ऑक्सिटोसिन गेलं," म्हणजे गर्भाशय घट्ट करणारं औषध. "सलाइन सुरू." विद्यार्थी म्हणतो, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड थांबून देऊ, आधी ऑक्सिटोसिनचा परिणाम बघू. निवासी डॉक्टर मान हलवतात. "आत्ताच."

या "आत्ताच"मागे 2017 चा वूमन अभ्यास आहे. 21 देश, 20 हजारांवर बायका. प्रसूतीनंतर 3 तासांच्या आत हे औषध दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. एक करून बघू, मग दुसरं, ही सवय मोडायची आहे. मसाज, औषधं, सलाइन, तपासणी, सगळं एकदम.

धार चालूच. विद्यार्थी कार्बोप्रोस्ट मागतो, गर्भाशय घट्ट करणारं आणखी एक औषध. दुसरी विद्यार्थिनी केसपेपरवरून मान वर करते. "पेशंटला दमा आहे. दम्यात हे देत नाहीत."

[दृश्य: त्याचा चेहरा. 5 सेकंद निवेदन नाही.]

[चित्र: फ्रान्समधल्या रूआँच्या संग्रहालयातली कापडी बाहुली.]

मॉडेलवर बाळंतपण शिकणं आजचं नाही. 1759 मध्ये फ्रान्सच्या राजाने मादाम द्यू कूद्रे या सुईणीला देशभर फिरून बाळंतपण शिकवायला धाडलं. सोबत तिने स्वतः घडवलेली ही बाहुली: कापड, चामडं, भरलेला कापूस. हजारो सुईणी त्यावर शिकल्या. भारतात 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने स्किल लॅबला जागा दिली. त्या लॅबमध्ये नर्सिंगच्या मुलींनाही बोलवावं, एवढंच आमचं मागणं आहे.

[दृश्य: गोलाकार खुर्च्या. डीब्रीफिंग, म्हणजे सरावानंतरची चर्चा.]

सराव संपला, शिकणं आता सुरू होतं. कोण चुकलं, असं इथे विचारत नाहीत. काय दिसलं, काय ठरवलं, का ठरवलं? रेघ दाखवणारी विद्यार्थिनी सांगते, ती ओलांडलेली तिला आधीच दिसली होती. बोलू की नको, यात वेळ गेला. ट्यूटर सिस्टर विचारतात, कशाची वाट पाहत होतीस? ती विद्यार्थ्याकडे बघते.

[दृश्य: दोघांचे चेहरे. निवेदन नाही.]

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत ड्रेप आणि एकत्रित उपचार यांचा अभ्यास झाला. 2023 मध्ये निकाल आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे प्रमाण 4.3 टक्के होतं तिथे 1.6 टक्के झालं.

[दृश्य: मावशी फरशी पुसताहेत. ट्यूटर सिस्टर पिशवीत पुन्हा लाल पाणी भरतात.]

आता जागा बदलल्या. विद्यार्थी सलाइनपाशी, टीमची सूत्रं तिच्याकडे. ड्रेप नवा. घड्याळ शून्यावर.

"वार पडली," सिस्टर सांगतात.