आडवाटेचं पाणी

(दृश्य: धुक्यात बुडालेलं घर. वळचणीला पागोळ्या. दोरीवर एक सदरा.)

जुलैत महाबळेश्वरला कपडे वाळत नाहीत. चार दिवस दोरीवर टांगलेला सदरा पाचव्या दिवशीही ओलसरच, वर कुबट वास. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. वाळणं म्हणजे कपड्यातलं पाणी हवेत जाणं. इथली हवा आधीच काठोकाठ भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठे?

हे पाणी अरबी समुद्राचं. उन्हाने त्याची वाफ झाली, मीठ खाली समुद्रातच राहिलं आणि नैऋत्येचा वारा ती वाफ घेऊन निघाला. कोकणपट्टी ओलांडली की समोर सह्याद्रीची भिंत. मागून वाऱ्याचा रेटा असतोच, मग हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. कोरडी हवा किलोमीटरभर चढली की जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. दमट हवेतली वाफ गार होऊन बारीक कणांवर बसते, तिचे सूक्ष्म थेंब होतात. असे लाखो थेंब एकत्र यावेत तेव्हा कुठे पावसाचा एक टपोरा थेंब होतो.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून वाईला या. अंतर तीस-बत्तीस किलोमीटर, आणि पाऊस हजाराच्याही आत. आणखी पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. भिंत ओलांडून हवा खाली उतरते तशी तापते, ढग विरतात. सातारा एकच जिल्हा, पण एका टोकाला इरलं आणि दुसऱ्या टोकाला टँकर.

(दृश्य: क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरातलं गोमुख.)

कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या इथल्या गोमुखातून एकत्र वाहतात, अशी श्रद्धा आहे. भूगोलही काही कमी नवलाचा नाही. या पठाराच्या माथ्यावर जांभा दगड, खाली काळा बेसॉल्ट. सच्छिद्र जांभा पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि पाऊस सरल्यावर झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. पण थेंब नेमका कुठे पडला, यावर त्याचा समुद्र ठरतो. कड्याच्या पश्चिमेला पडला तर सावित्रीतून महाड, पुढे बाणकोट, शंभरेक किलोमीटरांत आल्या समुद्रात परत. चार पावलं पूर्वेला पडला तर कृष्णेतून सुमारे चौदाशे किलोमीटर, थेट आंध्रातल्या हंसलदीवीला, बंगालच्या उपसागरात.

कोयनेचं तर माणसाने मध्येच बदललं. पूर्वेला निघालेलं तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, पोफळीला विजेसाठी टर्बाइनवर सोडलं आणि वाशिष्ठीत टाकलं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाची वाट धरलेला थेंब असा दाभोळच्या खाडीला लागतो.

शाळेच्या पुस्तकातलं जलचक्राचं चित्र आठवतं? समुद्र, बाण, कापसासारखा ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र. चित्र खोटं नाही, पण त्यातला थेंब फारच शहाणा आहे, कुठे रेंगाळत नाही. खरा थेंब पावलोपावली अडतो. आणि जिथे अडतो तिथेच जीव दिसतो.

(दृश्य: कारवीचं पान, अगदी जवळून. त्याखाली शेवाळ.)

ही कारवी. मुळांनी ओढलेल्या पाण्यातले शंभरातले दोन-चार भागही ती स्वतःकडे ठेवत नाही. बाकी सगळं पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन उडून जातं. उधळपट्टी वाटेल, पण तीच ओढ मातीतले क्षार शेंड्यापर्यंत चढवते आणि पान गार ठेवते. जे थोडं राहतं, त्यातलं काही उन्हाच्या जोरावर फुटतं, आणि आपण श्वासात घेतो तो प्राणवायू त्या फुटलेल्या पाण्यातून येतो.

शेवाळाला मुळंच नाहीत. मे महिन्यात ते दगडावर तपकिरी खरजेसारखं पडून असतं. एक सर आली की थोड्याच वेळात हिरवं.

पण मला सगळ्यात आवडतो तो झुडपी बेडूक. सह्याद्रीतल्या त्याच्या काही जातींना डबकं लागतच नाही. अंडी पानांवर किंवा पालापाचोळ्यात. शेपटीचा बेडूकमासा पोहताना दिसत नाही, अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. अंड्याला टणक कवच नाही, नुसता जेलीसारखा लगदा. भोवतालची हवा भिजलेली राहिली तरच पिल्लू जगतं. सदरा वाळू न देणारी ती दमट हवा याच्या पिल्लांचं तळं आहे.

(दृश्य: धोम धरण. मग वाईचा घाट.)

कृष्णेत पडलेला थेंब सुटून निघेल म्हणावं, तर धोमचं धरण. पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. मधे ऊस, भात, शहरांचे नळ. कित्येक वर्षी समुद्राच्या वाट्याला फार थोडं उरतं. बाकीचं पाणी हरवत नाही, पिकांच्या पानांतून पुन्हा हवेत जातं. एकदा हवेत गेलं की सरासरी आठ-दहा दिवसांत ते कुठेतरी पडतंच.

(दृश्य: वाईतलं स्वयंपाकघर. परात, ज्वारीचं पीठ, तापलेला तवा.)

नळाला आलेलं कृष्णेचं पाणी आधणाला ठेवलंय. त्यात पीठ मळलं जातं, भाकरी थापली जाते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरतो, नाहीतर ती भेगाळते. उलटते. मग निखाऱ्यावर जाते आणि आतल्या पाण्याची वाफ दोन पापुद्र्यांमधे अडकून भाकरी टम्म फुगते. कडेला एक बारीकसं भोक पडतं. फुस्स करून वाफ निघते, धुराबरोबर वर जाते आणि कौलांच्या फटीतून बाहेर पडते.