कोब्यावरचे बोल्ट

(दृश्य: मायको सर्कल, सकाळची वर्दळ.)

मायको कंपनीची बॉश झाली २००८ साली. पण नाशिककर रिक्षावाल्याला अजूनही मायको सर्कलच सांगतो. इथून त्र्यंबक रस्त्याला लागायचं, आयटीआय सिग्नल ओलांडायचा, की आलं सातपूर. एमआयडीसी. आज आम्ही तिथं चित्रं बघायला निघालोय.

सोबत माझे काका. उभा जन्म लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या मशीनवर, गेलेला टर्नर माणूस. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये कलादालन झालंय म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि मशिनी कुठं गेल्या?"

(दृश्य: अर्धं उघडं शटर. आतला अंधार हळूहळू उजळतो.)

आत शिरलं की आधी वास येतो. कूलंटचा, म्हणजे कापताना तापलेलं लोखंड थंड करणाऱ्या तेलकट पाण्याचा. भिंती नव्यानं पांढऱ्या केल्यात, पण कोबा तेल पितो आणि प्यायलेलं सहज सोडत नाही.

मान वर करा. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, आणि सगळ्या काचा उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. सावली न पाडणारा, सगळीकडे सारखा. व्हर्नियर या मोजपट्टीवरची बारीक रेघ वाचायला टर्नरला हाच उजेड लागायचा. चित्रकारालाही हाच लागतो. एकाच छपराखाली दोघांची सोय झाली ती अशी.

यात एक नाशिकची मेख आहे. २० मेच्या सुमारास सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. आपण त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारीसुद्धा जरासा उत्तरेला असतो. म्हणजे नेमक्या त्याच काचांतून ऊन आत. काका म्हणाले, "मे लागला की आम्ही काचांना चुना मारायचो. जूनमध्ये पाऊस धुऊन काढायचा." चित्रांचे रंग उडू नयेत म्हणून इथं पडदे लावलेत. चुना स्वस्तात झाला असता.

जुन्या कारखान्यात कला मांडणं ही काही आपली कल्पना नाही. लंडनमध्ये थेम्सकाठी एक वीजकेंद्र १९८१ साली बंद पडलं. २००० साली त्याचं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय झालं. जिथं जनित्रं घरघरायची त्या टर्बाइन हॉलमध्ये आता माणसं फिरतात. कोचीत १८६७ पासूनच्या व्यापारी कंपनीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये २०१२ साली पहिलं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, भरलं. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सांगायला नको. तिथं मॉल आले.

टेटमधली एक गोष्ट मात्र इथं आठवतेच. २००७ साली डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या कलावतीनं त्या हॉलच्या जमिनीला भेग पाडली. भिंतीवर काही टांगलं नाही, मध्ये काही उभं केलं नाही. नुसती भेग, १६७ मीटर लांब. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण तिचा व्रण जमिनीवर राहिला.

(दृश्य: कॅमेरा कोब्यालगत. सहा भोकं, कडेला गंज.)

ही भोकं कुणी कला म्हणून पाडलेली नाहीत. लेथ जमिनीला आवळणाऱ्या बोल्टांची आहेत. काका उकिडवे बसले. एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला दोन. "हेडस्टॉक इकडं, जॉब फिरवणारं डोकं," ते म्हणाले, "वजन सगळं या बाजूला." मग उठून एका ठरावीक जागी उभे राहिले. पायाखाली कोबा बशीसारखा किंचित खोल गेलाय. मशीन हलवलं, पण माणूस उभा राहायची जागा तशीच आहे.

आणि नेमकी याच जागेवर आजची मांडणी. छतापासून दोऱ्यांनी सोडलेले शेकडो पांढरे सुती हातमोजे, वाऱ्यानं हलणारे. लांबून फार देखणं दिसतं, खोटं कशाला बोला. आम्ही अर्धा तास चित्रण केलं. काका मात्र गप्प.

मांडणी करणारी मुलगी तिथंच होती. नाशिकचीच, पंचविशीतली. तिनं विचारलं, "काका, आवडलं का?"

"ताई, हातमोजे नवे आहेत," काका म्हणाले. "वापरलेला अंगठ्याच्या बेचक्यात आधी फाटतो. आणि लेथवर हातमोजा घालायचाच नसतो. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, दोरा अडकला तर हात घेऊन जातो."

मला वाटलं, आता तिचा चेहरा उतरणार. तिनं वही काढली. "मग कुठल्या मशीनवर घालतात?"

पुढचा तासभर आमच्या कॅमेऱ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. काका शेडभर हिंडत होते, ती मागं खडू घेऊन. इथं ड्रिल. इथं ग्राइंडर, ठिणग्यांनी भिंत काळी झालेली, रंगाखालून अजून दिसतेय. इथं पत्रा हाताळायचे, हातमोजे इथं. इथं चहाचा ट्रॉली यायचा, साडेदहाला.

मला विचाराल तर त्या दिवशीचं खरं प्रदर्शन ते खडूचे चौकोन होते. दालनवाल्यांना मात्र कोबा पॉलिश करून घ्यायचाय म्हणे. चकचकीत. करू नये.

निघताना काका पुन्हा त्या सहा भोकांपाशी वाकले. एकात बोट घालून आतला कचरा उकरला. लोखंडाचा एक किस निघाला, स्प्रिंगसारखा वळलेला, निळसर.

दारावरचा पोरगा धावत आला. "आजोबा, कशालाही हात लावायचा नाही."

काकांनी किस खिशात टाकला. "हे तुमचं नाही," म्हणाले, आणि शटरखालून वाकून बाहेर पडले.