ललिता पवार: एक थप्पड आणि बऱ्याच तारखा

[पडद्यावर: ‘श्री 420’मधली केळेवाली गंगामाई]

ललिता पवार म्हटलं की आधी त्यांचा बारीक झालेला डावा डोळा आठवतो. आणि त्याच्या पाठोपाठ ती गोष्ट येतेच. 1942 साल. ‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण. नवख्या मास्टर भगवाननी जरा जास्तच जोरात थोबाडीत मारली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तीन वर्षं उपचार चालले, नायिकेची कामं सुटली आणि हिंदी सिनेमाला खाष्ट सासू मिळाली.

डोळा अधू झाला हे पडद्यावर दिसतंच, त्याला वेगळा पुरावा कशाला? पण बाकीचे तपशील एकेक करून तपासायला हवेत. कारण सत्तर वर्षांच्या कारकिर्दीचा सगळा अर्थ आपण या एका थपडेवर उभा केला आहे.

आधी ‘नवख्या’ भगवानदादांकडे वळू. भगवान आबाजी पालव मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते. 1938 मध्ये त्यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शितही केला होता. आणि त्याच्याही आधी, ‘हिम्मत-ए-मर्दा’ या बोलपटात, ललिताबाई आणि भगवानदादा एकत्र होते. म्हणजे 1942 साली ते एकमेकांना चांगले ओळखत होते. हात चुकून जोरात लागला असेल, मुरलेल्या नटाकडूनही असं होतं. पण नवखेपणाचं खापर भगवानदादांच्या माथी फोडणं अन्यायाचं आहे.

[पडद्यावर: ‘रामशास्त्री’मधील आनंदीबाई]

आता ती तीन वर्षं. 1942 अधिक तीन म्हणजे 1945. या हिशेबात एक चित्रपट बसत नाही: प्रभातचा ‘रामशास्त्री’. प्रदर्शनाचं साल 1944. गजानन जहागीरदार रामशास्त्री प्रभुणे आणि आनंदीबाई ललिता पवार. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी माणसाच्या मनात घर करून बसलेली आनंदीबाई! ती उभी करायला प्रभातने ललिताबाईंना निवडलं. हा चित्रपट एकामागून एक तीन दिग्दर्शकांच्या हातांतून गेला, त्यामुळे त्याचं काम प्रदर्शनाच्या बरंच आधीपासून चाललेलं होतं. नेमकं त्याच काळात, ज्या काळात ही बाई पडद्याआड होती असं आपण सांगत आलो. उपचार चालू असतीलही, त्रासही झाला असेल. पण घरी बसून राहिल्या, हे या तारखांशी जुळत नाही.

बालपणाकडे गेलं की आणखी एक गाठ लागते. जन्म 18 एप्रिल 1916, गाव येवला, माहेरचं आडनाव सगुण, सुरुवातीला पडद्यावरचं नाव ‘अंबू’. चरित्रलेखांमधून एक वाक्य हमखास भेटतं: वयाच्या नवव्या वर्षी, 1928 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधून पदार्पण. जरा वजाबाकी करून बघा. 1928 मधून 1916 गेले की बारा उरतात, नऊ नाही. साल, वय किंवा पहिला चित्रपट, तिन्हींपैकी एक तरी चुकलेलं आहे, आणि तरीही ते वाक्य तसंच उतरवलं जातं. शिवाय ‘राजा हरिश्चंद्र’ म्हटलं की अनेकांना फाळक्यांचाच आठवतो. तो 1913 चा. त्यात तारामती साळुंके नावाच्या पुरुष नटाने केली होती, ललिताबाईंचा तर तेव्हा जन्मही व्हायचा होता.

अशी गाठ सोडवायची कुठे? जन्मासाठी नगरपालिकेची जन्म-मृत्यूची नोंदवही आणि शाळेचा दाखला. चित्रपटांसाठी त्या वेळची वर्तमानपत्रं, त्यांतल्या जाहिराती आणि थिएटरवर विकली जाणारी चित्रपटाची पुस्तिका. चार-आठ पानांची, आत कथासार, पात्रपरिचय, बोलपट असेल तर गाणी. नटीचं नाव त्या वेळी कसं छापलं होतं, ते तिथे कळतं. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असा बराच ऐवज जपलेला आहे. पण मूळ मूकपट मोजकेच उरलेत, आणि जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटवरच्या जुन्या फिल्म मोठ्या संख्येने जळाल्या. म्हणूनच कागदाच्या या चतकोर तुकड्यांना मोल आहे.

[पडद्यावर: मूकपटकालीन छायाचित्र]

थपडेच्या गोष्टीने सगळ्यात जास्त काय झाकलं असेल, तर ही तरुणी. ‘कैलाश’, 1932. नायिका ललिताबाई, निर्मितीतही सहभाग, वय सोळाच्या आसपास. 1937 मध्ये ‘दुनिया क्या है’, पुन्हा त्यांचीच निर्मिती, टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेला. नटीने पैसा उभा करून चित्रपट काढायचा, हे त्या काळात किती जणींना जमलं असेल? आणि सासूच म्हणायचं, तर 1959 च्या ‘अनाडी’तल्या मिसेस डीसा कोण होत्या? त्या मायाळू घरमालकिणीसाठीच त्यांना फिल्मफेअर मिळालं. 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. पुढे दूरदर्शनवर ‘रामायण’मधली मंथरा. 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात औंध इथे त्या गेल्या.

तुमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, 1930 किंवा 40 च्या दशकातली एखादी चित्रपटाची पुस्तिका असेल, तर ती रद्दीत घालू नका. आधी तिचं प्रत्येक पान स्कॅन करा, मग ती संग्रहालयाला द्या. पात्रपरिचयाच्या यादीत खालून दुसरं-तिसरं नाव कदाचित ‘अंबू’ असेल.