तापलेला पत्रा, गारठलेला आरसा

(दृश्य : सोलापूर, मे महिना. पूर्व भागातली यंत्रमागाची शेड. तिन्हीसांजेची वेळ.)

ऐका. कट्... कट्ट...

दिवसभर ४२ अंशांत तापलेला पत्रा आता निवतोय. तापला की पसरतो, निवला की आकसतो आणि खिळ्यापाशी अडला की असा बोलतो. आपल्याकडं हा आवाज ऐकतच पोरं झोपी जातात. पत्रा केसभर सरकला तर कुणाचं काही अडत नाही. पण दुर्बिणीचा आरसा सरकला तर?

(दृश्य : सोनेरी षटकोनी आरसे.)

जेम्स वेब, अंतराळातली दुर्बीण. साडेसहा मीटरचा आरसा, बेरिलियमचे १८ तुकडे, वर सोन्याचा पातळ थर. तो काम करतो उणे २३० अंशांच्या आसपास. एवढ्या थंडीत धातूचा आकार बदलणारच. म्हणून प्रत्येक तुकडा आधी गारठवून मोजला, कुठं किती बिघडतो ते टिपून ठेवलं आणि पुन्हा उबेत आणून बरोबर तेवढाच उलटा घासला. आपल्या हवेत तो आरसा चुकलेला, तिथल्या थंडीत अचूक! या कारागिरीपुढं हात जोडावेसे वाटतात.

हबल ही आधीची अंतराळ दुर्बीण १९९० साली वर गेली, तेव्हा तिच्या आरशाची कड जेमतेम २ मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशानं चुकली होती. अंतराळवीरांनी १९९३ मध्ये जाऊन ती चूक भरून काढणारे छोटे आरसे बसवले. वेब मात्र १५ लाख किलोमीटरवर राहणार होती. तिथं कोण जाणार? जे तपासायचं ते इथंच.

(दृश्य : अमेरिकेतलं ह्यूस्टन, २०१७. निर्वात कक्षाचं गोल, अजस्र दार.)

अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातला हा कक्ष. दुर्बीण आत ठेवून हवा उपसली. थर्मासमधला चहा निवत नाही, कारण त्याच्या दोन भिंतींमध्ये हवा नसते. इथंही तीच अडचण : उष्णता वाहून न्यायला वारा नाही, आरसा नुसता भिंतींकडं उष्णता टाकत राहतो. त्या भिंती गारठवायला बाहेरून द्रवरूप नायट्रोजन, आतून थंड हेलियम. घाई करून चालत नाही. डिंक, रंग, तारांची वेष्टणं यांतून वाफा सुटतात आणि सगळ्यात थंड जागी जाऊन बसतात. ती जागा आरसा असता कामा नये.

ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं. ह्यूस्टन पाण्याखाली, रस्ते बंद, नायट्रोजन संपत आलेला. माणसं तिथंच झोपली, तिथंच उठली. पाण्यातून वाट काढत टँकर पोचले. चाचणी थांबली नाही.

नोव्हेंबरात दार उघडलं. तोवर त्या १८ तुकड्यांनी गोठवणाऱ्या अंधारात एकच आरसा होऊन दाखवलं होतं.